भुजंग मास्तरांचा करारनामा

११ फेब्रुवारी १९९४, अंबड

अप्पाराव गेला. बीडच्या कुठल्याशा बँडात. सतरा वर्षं बुलंद ब्रास बँडात ट्रंपेट वाजवलं आणि काल सकाळी टोपी काढून मालकाच्या टेबलावर ठेवली. वर म्हणाला, "येतो." आपल्याकडं जाणारा 'येतो'च म्हणतो हे मान्य, पण काही लाज?

बातमी केशरबाईनं आणली. ही कासारीण. नवरीला चुडा भरायला गावोगाव जाते, त्यामुळं कोणाचं लगीन कधी, कुठं आणि बँड कोणता हे ब्राह्मणाच्या आधी हिला माहीत. तिसरा आमचा वसंता, जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये भट्टीवर. आम्ही तिघं या बँडाच्या मागं फिरतो. लोक हसतात. हसोत. कोणी कुस्त्यांच्या मागं फिरतो, कोणी पुढाऱ्याच्या मागं फिरतो, त्यांना कोणी हसत नाही.

मला हे याड एक्याऐंशी साली लागलं, माझ्याच लग्नात. तेव्हा बँडात अकरा जण होते. ढोलवाला वारला. साईड ड्रमवाला मुंबईला गेला. दुसरा ट्रंपेटवाला माळ घालून भजनी झाला. एक जण तर म्हशी पाळतो आता, आणि सुखी आहे म्हणे! नवे येतात, दोन सीझन वाजवतात, पळतात. त्या अकरांतला आता एकच उरला, भुजंग मास्तर. क्लॅरोनेट. बत्तीस वर्षं झाली त्यांना.

मास्तर आहेत तोवर बँड आहे. ते गेले तर मी अंबड कोर्टाबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे आणि मरायचं, एवढंच उरतं.

कौसल्याला हे म्हणालो. ती म्हणाली, "तुमचं लगीन माझ्याशी लागलं का भुजंग मास्तरशी, हे मला तेरा वर्षांत कळलं न्हाई."

२० फेब्रुवारी

रोहिलागडला लगीन. तिघंही गेलो. भाकरी आपापली बांधून, कारण आवतण नसताना पंगतीला बसायचं नाही हा केशरबाईचा नियम. मांडवाच्या दारात एका मिशाळ पाहुण्यानं अडवलं. "नवरीकडचे का नवरदेवाकडचे?" वसंता म्हणाला, "बँडाकडचे." पाहुण्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं तिघांना टॉवेल-टोपी दिली. केशरबाईलासुद्धा टोपी!

आता मुद्द्याचं. परण्या निघतो, म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो. तो देवळापुढं उतरला की सगळा बँड गप्प होतो आणि भुजंग मास्तर एकटे, एका दमात, एक लांब तान घेतात. ती संपली की नवरदेव पायरी चढतो. मी घड्याळ लावून ती मोजतो आणि वहीत लिहितो. एक्याऐंशीला चौतीस सेकंद होती. नव्वदला एकतीस. गेल्या वर्षी सव्वीस.

आज एकोणीस.

मी थक्कच झालो. पण कारण डोळ्यांपुढं होतं. बद्रीनाथ, बँडाचा मालक, मागून "जल्दी, जल्दी" करून राह्यला होता. दुसरी सुपारी घेतली होती ना दुपारची! अशानं कोणता कलावंत तान घेईल?

नंतर मास्तर झाडाखाली बसले होते, तोंडाला रुमाल लावून. रुमालावर लाल डाग. मी म्हणालो, "मास्तर, पान कमी करा, दम जातो." त्यांनी नुसती मान हलवली. परतताना एसटीत केशरबाई म्हणाली, "तातेराव भाऊ, मास्तर पान कुठं खातेत? आज तर भाकर बी वरणात कालवून कालवून पेज करून प्याले."

मी म्हणालो, वय झालं, खावंसं वाटतं माणसाला मऊ. या बायकांचं लक्ष कायम दुसऱ्याच्या ताटात.

२ मार्च

डोकं फिरलं आहे. बद्रीनाथनं कॅसिओ आणला!

हातगाडीवर ठेवायचा, मागं भोंगा, त्याच्या मागं जनरेटर. वाजवायला सिल्लोडकडचा शिवाजी नावाचा माणूस ठेवला. बोटांनी बटणं दाबतो आणि त्यातून बासरी काय, सनई काय, कोंबडं आरवल्यासारखं काय काय निघतं. ह्याला वाजवणं म्हणायचं? मंग आमच्या कोर्टातला टाइपिस्टही उस्ताद झाला.

तडक बद्रीनाथच्या दुकानात गेलो. "मास्तरांना काढायचा डाव आहे तुमचा," मी उभ्यानंच म्हणालो.

"बसा तर, रायटरसाहेब."

"बसायला आलो नाही."

"मी न्हाई काढून राह्यलो कोणाला. तुम्ही मास्तरांनाच विचारा ना एकदा."

ऐका! ज्याचा गळा कापायचा त्यालाच विचारायचं, सुरी धारदार आहे का म्हणून. मास्तर साधा माणूस, तो काय बोलणार? मी बद्रीनाथला पुढचं बोलूच दिलं नाही. तो दोनदा "अहो, पण" म्हणाला. 'अहो पण' म्हणणाऱ्या माणसाकडं सांगण्यासारखं काही नसतं हा माझा कोर्टातला अनुभव आहे.

५ मार्च

कौसल्यानं आज जेवताना विचारलं, "मास्तर काय म्हणतेत?" मी म्हणालो, मास्तरांचं सोड, इथं बँड वाचवायची वेळ आली आहे. ती म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'चा मला लई राग येतो.

९ मार्च

आज काम फत्ते केलं. 

बावीस वर्षं लोकांचे कागद करतो. जमिनीचे, वाटणीचे, सोडचिठ्ठीचे. मंग आपल्या बँडाचा कागद आपण का करू नये? स्टॅम्प पेपर आणला आणि एका बैठकीत करारनामा उतरवला. काय भाषा उतरली! एक खाडाखोड नाही. चार कलमं आहेत.

एक, मालक बद्रीनाथ हे भुजंग मास्तर यांना कोणत्याही कारणाने बँडमधून काढणार नाहीत. दोन, मास्तर हे सदर बँड कोणत्याही कारणाने सोडणार नाहीत. (अप्पारावसारखं 'येतो' म्हणायची सोयच ठेवली नाही.) तीन, प्रत्येक लग्नात मास्तर पहिल्या रांगेत, वादक म्हणूनच उभे राहतील. चार, मुदत पाच वर्षे.

दोघांना लिंबाखाली बोलावलं. बद्रीनाथ येताना घाबरलेला होता, कोर्टाच्या आवारात पाय टाकला की तो तसाही घाबरतो. त्यानं कागद वाचला, मास्तरांकडं बघितलं. मास्तर त्याच्याकडं बघत होते. 

मास्तर म्हणाले, "रायटरसाहेब, लेक परभणीला बोलावून राह्यली मला."

"जाऊन या की चार दिवस! सीझन संपला की खुशाल जा. कोण अडवतंय?"

"न्हाई म्हंजी, कायमचंच..."

"मास्तर," मी त्यांचा हात धरला. "तुम्हाला कोणी काढू शकणार नाही आता. घाबरू नका. मी आहे."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की माझं काळीज भरून आलं. आजवर या माणसाच्या पाठीशी कोणी उभं राहिलं नव्हतं, हे मला त्या नजरेत दिसलं. मंग त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. बद्रीनाथनंही केली. साक्षीला वसंता आणि केशरबाई. केशरबाई अंगठा लावताना म्हणाली, "भाऊ, एकदा मास्तरांना नीट इच्यारलं असतं तर?" शाई वाळत होती, मी तिला म्हणालो, लाव लवकर.

दोघांना एकेक प्रत दिली. बद्रीनाथनं त्याची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. बघा, कागदाचा वचक असतो.

१० मार्च

आज दिवसभर मन हलकं आहे. एका म्हाताऱ्याचा वारसाचा अर्ज फुकट लिहून दिला.

३ एप्रिल

शहागडला लगीन. मास्तर पहिल्या रांगेत, क्लॅरोनेट गळ्यात. बघून बरं वाटलं.

पण तान! आठ सेकंद. आठच! आणि मध्येच मास्तर थांबले. तोंड बाजूला फिरवलं. तेवढ्यात त्या शिवाजीनं कॅसिओवर काहीतरी सुरू करून जागा भरली. लोकांना काही कळलंसुद्धा नाही, नाचून राह्यले होते गाढवं.

कारण उघड आहे. जनरेटरचा धूर थेट मास्तरांच्या तोंडावर येत होता. मी वसंताला म्हणालो, हा मुद्दाम केलेला बंदोबस्त आहे, कागदानं काढता येईना म्हणून धुरानं काढून राह्यले. वसंता म्हणाला, "तात्या, धूर तर उलटीकडं जात व्हता."

ह्यालाही आता सगळं दिसायला लागलं.

१४ एप्रिल

जिंकलो! लिहितो सविस्तर.

बाबासाहेबांची जयंती. वसंताच्या वस्तीतली मिरवणूक दर वर्षी बुलंद बँडाचीच, वसंता समितीत आहे. जालन्याला दुपारीच पोचलो. चार वाजता मिरवणूक निघाली. निळे झेंडे, गुलाल, बायका पांढऱ्या साड्यांत, पोराटोरांची ही गर्दी. माझी जागा हलली आणि मी बँडापासून पंचवीस-तीस पावलं लांब पडलो. वसंता पुढं होता, कॅसिओच्या गाडीला हात लावून, गर्दी आवरत.

पुतळ्यापुढं बँड थांबला. सगळे गप्प झाले. आणि मास्तरांनी क्लॅरोनेट उचललं. माना आणि झेंड्यांच्या मधून मला त्यांची बोटं दिसत होती. तान निघाली.

अडतीस सेकंद!

एक्याऐंशीपेक्षा चार जास्त! कुठं कापरं नाही, कुठं दम तुटला नाही, सुतासारखी सरळ. शेजारच्या एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मी ओरडलो, "अरे, याला म्हणतात क्लॅरोनेट! जमेल का त्या पेटीला?" दोन-चार जणांनी वळून बघितलं. बघेनात का.

ही कराराची ताकद आहे. नोकरीची शाश्वती आली की माणसाचा दम वाढतो. बद्रीनाथनं बघावं आणि शिकावं.

मिरवणूक संपल्यावर वसंताला मिठीच मारली. तो नुसता उभा.  दमला असेल, रात्रपाळी करून आला होता.

१७ एप्रिल

वसंताशी भांडण झालं. चांगलं कडाक्याचं. लिंबाखाली, पक्षकारांसमोर.

तो आला आणि म्हणाला, "तात्या, तुम्हाला सांगल्याबिगर मला भाकर गोड लागंना. चौदा तारखेला तान मास्तरांनी न्हाई घेतली. कॅसिओत क्लॅरोनेटचं बटण हाये. शिवाजीनं वाजवलं. मास्तर नुसती बोटं हलवत व्हते. मी गाडीजवळच व्हतो."

मी म्हणालो, खोटं.

"आईशप्पथ."

मी म्हणालो, तेरा वर्षं कान लावून ऐकून राह्यलो. मला मास्तरांचं क्लॅरोनेट आणि पेटीतलं बटण यातला फरक कळणार नाही? तो म्हणाला, "मला बी कळला नसता. मी लांब असतो तर मी बी रडलो असतो." वर म्हणतो कसा, "तुम्ही एकदा जाऊन मास्तरांशी बोला."

सगळ्यांना एकच सुचतं! मास्तरांशी बोला, मास्तरांना विचारा. मी काय मास्तरांचा वैरी आहे का? त्यांच्यासाठी कागद कोणी केला? वसंताला म्हणालो, तुला बद्रीनाथनं फितवलंय. तो उठला. बिलकुल मागं न बघता गेला. चहा तसाच ठेवून.

दुपारनंतर एकही अर्ज धड लिहिता आला नाही. एका बाईच्या अर्जात तिच्या नवऱ्याच्या जागी भुजंग लिहिलं गेलं. कागद फाडावा लागला.

२२ एप्रिल

वहीतला चौदा तारखेचा आकडा खोडला नाही. खोडणारही नाही. पण त्याच्यापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. लहानसंच.

१ मे

पिंपळगाव रेणुकाईहून आत्ताच आलो. पाय धुतले नाहीत. कौसल्यानं पाणी पुढं केलं ते तसंच ठेवलं आहे.

वसंता बोलेना, म्हणून मी आणि केशरबाई दोघंच निघालो होतो. अंबडहून जालना, जालन्याहून भोकरदन, तिथून पुढं एका जीपला लोंबकळत. रेणुकाईच्या देवळामागच्या वस्तीत लगीन. पोचलो तर वसंता आधीच उभा. भोकरदनच्या बाजूला तोंड करून. बरं, आला तर आला.

परण्या निघाला. कॅसिओची गाडी आली. पुढं पहिली रांग. लाल डगला, सोनेरी दोऱ्या, टोपीवर तुरा. आणि त्या रांगेत मधोमध भुजंग मास्तर.

हातात खुळखुळे.

दोन हातांत दोन. पाळण्यातल्या लेकराला दाखवतात तसले. बँडात ते काम कोणाला देतात? ज्याला काहीच येत नाही त्याला. आणि बत्तीस वर्षांचा उस्ताद, ज्याच्या तानेसाठी नवरदेव मारुतीपुढं ताटकळत उभे राहिले, तो मान खाली घालून खुळखुळे हलवून राह्यला होता. तालात. एकसुद्धा ठोका चुकवत नव्हता, हे आणखी वाईट.

माझा तोल सुटला. मी रांगेत घुसलो आणि बद्रीनाथची कॉलर धरली. हो, धरली. लगीन थांबलं. घोडं बिचकलं. नवरदेवाचा मामा धावत आला. मी म्हणालो, "करार मोडलास! नोटीस काढतो तुला! कोर्टात उभा करतो!"

बद्रीनाथ रडवेला झाला. त्यानं खिशातून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली. लग्नालासुद्धा खिशात ठेवतो, काय म्हणावं! कागद उलगडला. "कुठं मोडला, रायटरसाहेब? बघा ना. पहिल्या रांगेत. हाये ना पहिल्या रांगेत? वादक म्हणून. खुळखुळा वाद्य न्हाई का? मी कोर्टाला भ्यालो, साहेब. तुम्ही लिहिलं तसंच्या तसं केलं. रोज कागद वाचून केलं."

"मास्तरांचं क्लॅरोनेट कुठं आहे?"

"त्यांनाच इच्यारा. त्या दिवशी बी मी हेच म्हणलं व्हतं."

मंग मी वळलो. मास्तरांनी खुळखुळे काखेत धरले. माझ्याजवळ आले, अगदी जवळ, आणि लहान लेकरानं वैद्याला दाखवावं तसं तोंड उघडलं.

वरचे पुढचे दात नव्हते. एकही. हिरड्या सुजलेल्या, एक जागा अजून ओली.

"दिवाळीपासून हालत व्हते," ते म्हणाले. "शेवटचा शहागडला गेला. मारुतीपुढं."

आठव्या सेकंदाला. मी मोजत होतो.

केशरबाई मागून म्हणाली, "भाऊ, चला बाजूला. लोकांचं लगीन हाये." वसंतानं मला दंडाला धरून नेलं. मागं बँड पुन्हा सुरू झाला आणि त्यात खुळखुळेही ऐकू येऊन राह्यले.

३ मे

आज दोघंही लिंबाखाली आले. मीच निरोप धाडला होता. वसंता, केशरबाईही.

मी कागद पुढं घेतला, पेन काढलं, आणि पहिल्यांदा लिहायच्या आधी विचारलं. "मास्तर, तुम्हाला काय पाहिजे?"

ते म्हणाले, "सुटका."

मंग सगळं बाहेर आलं. गेल्या दिवाळीतच त्यांनी बद्रीनाथला सांगितलं होतं, मला सोड. हा म्हणाला, दुसरा क्लॅरोनेटवाला बघतो, तवर थांबा. जालना पाहिलं, बीड पाहिलं, कोणी मिळालं नाही. आता शिकतंय कोण? शेवटी कॅसिओ आणला. म्हणजे ती पेटी मास्तरांना काढायला नव्हती आणली. मास्तरांना घरी जाता यावं म्हणून आणली होती. आणि तेवढ्यात मी स्टॅम्प पेपर घेऊन आलो. ह्याला म्हणतात बुडत्याच्या गळ्यात धोंडा.

"मंग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच. "बद्रीनाथ, तू का नाही बोललास?"

"तुम्ही बोलू कुठं दिलं?" बद्रीनाथ म्हणाला. खरं आहे. ते 'अहो पण' माझ्याच वहीत आहे.

"आणि मास्तर, तुम्ही? मला सांगायचं की, दात गेले म्हणून!"

मास्तर जमिनीकडं बघत म्हणाले, "कसं सांगावं? तुम्ही तिघं एवढ्या लांबून यायचे. भाकरी बांधून. ही माउली चुड्याची पेटी डोक्यावर घेऊन. ह्यो रातपाळी करून. तुम्ही घड्याळ काढून उभे राह्यचे. मी म्हणायचो, आजच्या दिवस वाजवावं. मंग पुढच्या लग्नाला बी तेच."

"पण सही? सही का केली कागदावर?"

त्यांनी वर बघितलं. "तुम्ही लई खुशीत व्हते, रायटरसाहेब."

 वसंतानं नळावरून पाणी आणून दिलं. मी ते प्यालो.

मंग सुटकेचा कागद लिहिला. चार ओळींचा. तीनदा खाडाखोड झाली. केशरबाईनं अंगठा लावला, वसंतानं सही केली. वसंताला म्हणालो, चुकलो रे. तो म्हणाला, "चहा पाजा. त्या दिवशीचा राह्यला."

जुन्या कराराच्या तिन्ही प्रती मास्तरांनीच फाडल्या. हळूहळू, घडीवर. कागद फुकट जाऊ नये म्हणून मागून कोरे असलेले तुकडे वसंतानं खिशात घातले.

४ मे

कौसल्याला सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली नाही. ताटात आणखी एक भाकर वाढली.

१९ मे

मास्तर उद्या परभणीला जाणार. काल निरोप आला, "उद्या वडीगोद्रीला लगीन हाये आपल्या बँडाचं. मी बी येतो तुमच्यासंगं. मला समोरून ऐकायचंय. बत्तीस वर्षं मी बँड मधूनच ऐकला."

मला जायचंच नव्हतं. कॅसिओ ऐकायला मी एसटीचे धक्के खाऊ? पण आता मास्तरांना नाही कसं म्हणायचं? गेलो. चौघं. मास्तर साधं धोतर-सदरा घालून. डगल्याशिवाय ते इतके बारीक दिसतात, मला माहीत नव्हतं. केशरबाईनं त्यांच्यासाठी भाकरी दुधात कुस्करून डब्यात आणली होती.

परण्या निघाला. आम्ही रस्त्याच्या कडेला आमच्या जागी उभे. बँड जवळ आला तसे मास्तर ताठ झाले. कान पुढं करून ऐकू लागले. "अस्सं ऐकू येतं व्हय!" म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "ढोल लई मोठा हाये. बद्रीनाथला सांगतो." 

मारुतीपुढं बँड थांबला. शिवाजीनं बटण दाबलं आणि तान सुरू झाली. क्लॅरोनेटचीच. आता जवळून ऐकली तर फरक कळतो, हे मी ईश्वरसाक्ष लिहितो. आवाज बरोबर, पण कुठं श्वास नाही. मी दात-ओठ खात उभा होतो. म्हणालो, "ऐकलंत, मास्तर? ही चोरी आहे. तुमची तान आहे ती."

मास्तर म्हणाले, "व्हय, माझीच हाये. मीच शिकवली त्याला. आठ दिवस बसलो."

आता बोला! अशा माणसासाठी भांडायचं तरी कसं?

तान संपली, ढोलावर काठी पडली, पोरं नाचू लागली. आणि मास्तरांनी धोतराचा सोगा खोचला. मी म्हणालो, "मास्तर, काय करता?" ते म्हणाले, "एवढ्या लोकाला नाचवलं, रायटरसाहेब. मी कधी नाचलोच न्हाई. हात मोकळे नसायचे." आणि घुसले पोरांमधे. दोन्ही हात वर करून, एक पाय आखडता घेत, तालाच्या एक मात्रा पुढं. त्या कॅसिओवर! बद्रीनाथनं बघितलं आणि हात जोडले. शिवाजीनं बटणं आणखी जोरात दाबली.

वसंता हसून हसून खाली बसला. केशरबाई टाळ्या वाजवत होती. मला राग आला होता. नक्की कोणाचा ते सांगता येणार नाही, पण आला होता.

तेवढ्यात मास्तर गोल फिरले आणि त्यांचं तोंड माझ्याकडं झालं. ते हसून राह्यले होते. सगळं तोंड उघडून, नुसत्या हिरड्यांनी, डोळे मिटेपर्यंत.

तेरा वर्षं मी त्या माणसाच्या तोंडाकडं घड्याळ धरून बघत होतो. तो हसतो कसा, हे आज पाहिलं.